'दावा' कोर्टातला आणि दावा मनातला

प्रश्न असा आला आहे : "एका लेखात 'नव्या सरकारने आपल्या पूर्वसुरींवर दावा साधला' असं वाक्य वाचलं. नव्या सरकारने जुन्या मंत्र्यांवर कोर्टात खटला भरला, असा याचा अर्थ घ्यायचा का? दावा लावणे आणि दावा साधणे यांत फरक आहे का?"

फरक आहे, आणि तो जपायलाच हवा. दावा लावायचा तो कोर्टात, साधायचा तो वैऱ्यावर. 'त्याने माझ्यावर दावा लावला' म्हटलं की समन्स येणार, तारीख पडणार, मला माझी बाजू मांडता येणार. 'त्याने माझ्यावर दावा साधला' म्हटलं की यातलं काहीच नाही. तो संधीची वाट पाहत होता, ती मिळाली, आणि त्याने मला गाठलं. तेव्हा त्या वाक्याचा अर्थ 'सूड घेतला' असाच होतो. लेखकाला 'खटला भरला' म्हणायचं असेल तर शब्द चुकला आहे.

शब्द अरबी, फारसीतून मराठीत आलेला. मूळ अर्थ हक्क सांगणे, मागणी मांडणे. त्याला वैराचा अर्थ कसा चिकटला असेल, हे गावातल्या कोणालाही सांगता येईल. बांधाच्या वादावरून भाऊबंदांत दावा चालू झाला की आधी बोलणं बंद होतं, मग लग्नकार्याला जाणं बंद होतं. निकाल लागून कागद कपाटात जातो, तरी मनातला दावा चालूच राहतो. जुन्या मराठीत 'दावेदार' म्हणजे चक्क वैरी. आज आपण 'मुख्यमंत्रिपदाचे प्रबळ दावेदार' म्हणतो तेव्हा हक्क सांगणारा हा पहिला अर्थ परत आलेला असतो. (दावणीचं 'दावं' वेगळं. ते संस्कृत 'दाम'वरून, म्हणजे दोरीवरून आलं.)

सूडाचे आपले बहुतेक वाक्प्रचार वसुलीच्या भाषेत आहेत, हेही लक्षात घ्या. वचपा काढतात, उट्टं काढतात, सूड उगवतात. 'सूर्य उगवला'मधलं उगवणं अकर्मक आहे; 'त्याने सूड उगवला' हे सकर्मक. हे दुसरं 'उगवणे' येणं वसूल करण्याचं. 'उगवणी' म्हणजे वसुली. मराठी माणसाच्या मनात सूड हे थकलेलं देणं असतं. म्हणूनच 'त्यांनी आम्हाला तुरुंगात टाकलं, आता आमची पाळी' हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटतं. तो हिशेब असतो, न्यायनिवाडा नव्हे.

आता ज्या अर्थासाठी तो लेखक शब्द शोधत होता त्याकडे येऊ. दावा दिवाणी, खटला फौजदारी. जमीन, पैसा, वाटणी यांचा दावा. चोरी, लाच, मारहाण यांचा खटला. त्यामुळे माजी मंत्र्यांवरच्या गुन्ह्यांच्या बाबतीत 'दावा लावला' म्हणणंही बसत नाही. तिथे चौकशी, आरोपपत्र, खटला हेच शब्द हवेत, आणि तेही एकमेकांच्या जागी नकोत. 'चौकशी' ही 'चौकस'वरून आली. ती शोधते, शिक्षा करत नाही.

चौकशी, खटला आणि सूड या तिन्हींची सरमिसळ झाली की काय होतं ते 1977 नंतरच्या दोन-अडीच वर्षांत देशाने पाहिलं. मार्च 1977च्या निवडणुकीत इंदिरा गांधी स्वतः हरल्या, आणीबाणी उठली आणि मोरारजी देसाईंचं जनता सरकार आलं. मे महिन्यात माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने साक्षी घेतल्या, कागद तपासले, 1978 मध्ये तीन अहवाल दिले. याला मी निःसंकोच 'चौकशी' म्हणेन, आणि ती व्हायलाच हवी होती. हजारो माणसं खटल्याशिवाय डांबली गेली होती.

पण आयोगाचं काम चालू असतानाच 3 ऑक्टोबर 1977 रोजी इंदिरा गांधींना अटक झाली, आणि दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्याने पुरेसा आधार नाही म्हणून त्यांना सोडून दिलं. पुढे त्या चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीत जिंकून लोकसभेत आल्या, तर डिसेंबर 1978 मध्ये हक्कभंगाच्या ठरावाने सभागृहाने त्यांचं सदस्यत्व रद्द केलं आणि अधिवेशन संपेपर्यंत त्यांना तुरुंगात पाठवलं. मुलगा संजय गांधी यांच्या मारुती कंपनीविषयी माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना अडवलं, हा आरोप होता. आरोप खरा असेलही; पण इथे आरोप करणारं बहुमत आणि निकाल देणारं बहुमत एकच होतं. याला खटला कसा म्हणायचा? 1981 मध्ये नव्या लोकसभेने, अर्थातच नव्या बहुमताने, तो ठराव मागे घेतला.

डिसेंबर 1978च्याच पहिल्या तारखेला सर्वोच्च न्यायालयात जे झालं त्याची आठवण मात्र कमी निघते. आणीबाणीतल्या गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालयं काढण्याचं विधेयक राष्ट्रपतींनी मत मागण्यासाठी न्यायालयाकडे पाठवलं होतं. सरन्यायाधीश होते पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड. उच्चपदस्थांवर लवकर खटले चालावेत यात गैर नाही, असं न्यायालयाने मान्य केलं. पण निवृत्त न्यायाधीश नेमण्याची तरतूद, सरन्यायाधीशांच्या संमतीऐवजी नुसता सल्ला घेणं, खटला दुसऱ्या न्यायालयाकडे हलवण्याची सोय नसणं, हे दोष दाखवले. म्हणजे सरकारच्या मर्जीतला न्यायाधीश नको, आणि पूर्वग्रह दिसला तर आरोपीला दुसरीकडे जाता आलं पाहिजे. खटला आणि दावा साधणं यांतला फरक मला कुठल्याही कोशापेक्षा त्या तीन आक्षेपांत जास्त स्पष्ट दिसतो. कायदा 1979 मध्ये झाला, पण जुलैमध्ये सरकारच पडलं आणि जानेवारी 1980 मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या.

माझं मत विचाराल तर आधीच्या सरकारने गुन्हा केला असेल तर नव्या सरकारने खटला भरलाच पाहिजे. निवडणूक हरणं ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे. म्हणूनच बातम्यांतला 'सूडबुद्धीने कारवाई' हा तयार साचा मला खटकतो. पुरावा पाहण्याआधीच तो शब्द फिर्याद करणाऱ्याच्या मनाचा निकाल लावतो. फिर्यादीच्या मनात आकस असला म्हणून चोरी झालीच नाही असं होत नाही. आकस मनात असतो, सूड कृतीत असतो; ती कृती कायद्याच्या चाकोरीतून गेली का, एवढंच तपासावं.

इथे मराठीची एक अडचणही आहे. फौजदारी कोर्टात आरोप करणाऱ्या बाजूला आपण 'सरकार पक्ष' म्हणतो. तिथलं सरकार म्हणजे राज्य, जे निवडणुकीने बदलत नाही. 'नवं सरकार' म्हणतो तेव्हा मंत्रिमंडळ. शब्द एकच असल्यामुळे 'सरकारने माजी मंत्र्यांवर खटला भरला' हे वाक्य आपोआप एका पक्षाने दुसऱ्यावर भरल्यासारखं ऐकू येतं. तपास यंत्रणेचं नाव घालून लिहिलं तर हा घोटाळा बराच टळतो.

आणि 'पूर्वसुरी'. सूरी म्हणजे विद्वान, पंडित. पूर्वसूरी म्हणजे आपल्या आधी त्या विषयात काम करून गेलेले जाणते लोक. ज्यांच्यावर खटला भरायचा आहे त्यांना हा शब्द शोभत नाही. 'आधीचे मंत्री' म्हणावं, फार तर 'पूर्ववर्ती'. तेव्हा ते वाक्य, लेखकाला खटलाच म्हणायचा असेल तर, असं लिहिता येईल : 'नव्या सरकारच्या काळात आधीच्या मंत्र्यांवर खटले दाखल झाले.'