टिचलेली तीन अंडी आणि अडकवून ठेवलेली बॅग

प्रश्न : मी भांडुपला राहते. जवळच्या मोठ्या किराणा दुकानातून मागच्या महिन्यात आणलेल्या डझनभर अंड्यांत चार टिचलेली निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बदलून मागायला गेले, तर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवलं. म्हणून या वेळी तीसचा ट्रे घेण्याआधी खालची अंडी बघावीत म्हणून वरचा ट्रे दोन्ही हातांनी उचलला. पुठ्ठा खालून ओला होता. तो वाकला आणि तीन अंडी पडून फुटली. तिथे ‘हात लावू नये, फुटल्यास पैसे भरावे लागतील’ अशी पाटी होती. बाकीच्या वाणसामानाचं बिल भरून मी टोकन काउंटरवर गेले, तर माझी बॅग देईनात. आत घराच्या किल्ल्या होत्या. ‘पूर्ण ट्रेचे २४० रुपये भरा, नाहीतर माझ्या पगारातून कापतील,’ असं सिक्युरिटीवाला म्हणाला. अर्धा तास सगळ्यांसमोर उभी राहिले आणि शेवटी यूपीआयने पैसे दिले. उरलेली सत्तावीस अंडी दिली नाहीत, पावतीही नाही. अंडी बघून घेणं चूक आहे का? या पैशांचं काही होईल का?

उत्तर : ताई, अंडी बघून घेणं चूक नाही. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ४१ नुसार वेगळं काही ठरलेलं नसेल, तर माल ताब्यात देताना ग्राहकाने मागितल्यावर तो तपासायची वाजवी संधी देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने मालाचा दर्जा काय आहे हे जाणून घेण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. अंड्याचा दर्जा कळायला ते बघण्यावाचून दुसरा मार्ग नाही. ‘हात लावू नये’ असं लिहायचं, खोका उघडू द्यायचा नाही आणि घरी गेल्यावर टिचलेलं निघालं तर परतही घ्यायचं नाही, अशी दोन्हीकडून अडवणूक दुकानाला करता येत नाही.

माल विक्री कायद्यातलीच एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. कलम १६ म्हणतं की त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून माल घेतला, तर तो विकण्याजोग्या दर्जाचा असेल हे न बोलताही गृहीत असतं. पण त्याला एक परंतुक, म्हणजे अपवादाची अट आहे. ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांबद्दल हे संरक्षण राहत नाही. म्हणजे खोका उघडून वरवर नजर टाकलीत आणि ठळक तडा तुमच्या नजरेतून सुटला, तर दुकानदार म्हणू शकतो, ‘बघून घेतलीत ना?’ म्हणून बघायचं तर नीट बघा. माझी आई अंडी वर उचलत नसे, जागच्या जागी खळग्यात अलगद फिरवायची. जे फिरत नाही त्याचा पांढरा बलक गळून खाली पुठ्ठ्याला चिकटलेला असतो. ते अंडं वरून कितीही साजरं दिसलं तरी खालून टिचलेलं असतं. केसाएवढी चीर मोबाइलचा टॉर्च कवचामागे धरला की उजेडात दिसते. हे नखरे नव्हेत. कवचाला तडा गेला की साल्मोनेलासारख्या जंतूंना आत शिरायला वाट मिळते आणि मुंबईच्या दमट हवेत असं अंडं लवकर नासतं. घरपोच मागवलेल्या अंड्यांची गोष्ट वेगळी. ती तुम्ही आधी बघितलेलीच नसतात, त्यामुळे दारात खोका हातात घेतला म्हणजे माल स्वीकारला असं होत नाही. तपासायला वाजवी वेळ मिळतो.

आता फुटलेल्या अंड्यांकडे येऊ. आपल्या हाताने माल काढून घेण्याच्या दुकानात करार कधी होतो, याबद्दलचा इंग्लंडमधला १९५३ सालचा बूट्स या औषध दुकानाचा निवाडा आपल्याकडे वकिलीच्या पहिल्या वर्षापासून शिकवतात. फळीवर मांडलेला माल म्हणजे नुसतं आमंत्रण. गिऱ्हाईक तो घेऊन काउंटरवर जातं तेव्हा प्रस्ताव होतो, आणि पैसे घेणारा तो स्वीकारतो तेव्हा विक्री. माल विक्री कायद्याचं कलम २६ सांगतं की सर्वसाधारणपणे ज्याची मालकी त्याची जोखीम. तुमच्या हातातला ट्रे वाकला तेव्हा तो दुकानाचा होता. ओला, मऊ पडलेला पुठ्ठा तिथे मांडला दुकानानेच. पाटी लावली म्हणून जोखीम तुमच्या डोक्यावर येत नाही.

हा, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं तर ते भरून द्यावं लागतं. म्हणून तुम्हाला थेट विचारते. वरचा ट्रे खरोखर दोन्ही हातांनी उचलला होता ना? एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हाताने ओढला असेल, तर तसं मला सांगा. दुकानाच्या कॅमेऱ्यात जे असेल ते ग्राहक आयोगापुढे येईलच. पण तुमची चूक धरली तरी हिशेब काय होतो ते बघा. करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की रक्कम आधी ठरवून ठेवली असली तरी भरपाई वाजवी तेवढीच मिळते. ट्रे २४० रुपयांचा, म्हणजे अंडं ८ रुपयांना. तीन अंड्यांचे झाले २४ रुपये. दुकानाने २४० घेतले ते नुकसानभरपाई म्हणून घेतले असतील, तर २१६ रुपये जास्त घेतले. विक्रीची किंमत म्हणून घेतले असतील, तर सत्तावीस अंडी तुमची झाली आणि ती ठेवून घ्यायचा दुकानाला काही अधिकार नाही. पैसेही ठेवायचे आणि अंडीही, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. पैसे घेऊन पावती न देणं ही तर ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नाव घेऊन सांगितलेली गोष्ट आहे.

तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर बाब मला बॅगेची वाटते. अंडी किराणाची, त्यांचा वाद किराणाचा. पण बॅग तुमची होती आणि तुम्ही ती टोकन घेऊन राखायला दिली होती. करार कायद्याच्या कलम १६० नुसार ज्या कामासाठी वस्तू दिली ते काम संपलं की ती न मागता परत करायची असते. येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ काही मोजक्यांनाच देतं. त्यात बँका आहेत, अडते आहेत, बंदरातले धक्केवाले आहेत, हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी आणि विमा पॉलिसीचे दलाल आहेत. किराणा दुकानदार त्या यादीत नाही. तुमच्याकडून त्याचं २४ रुपये येणं खरोखर असतं, तरी त्यासाठी घराच्या किल्ल्या ओलीस ठेवता येत नाहीत. तुम्हाला स्वतःलाच दारातून जाऊ दिलं नसतं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२६ लागू झालं असतं. एखाद्याला त्याच्या वाटेने जाऊ न देणं हा गुन्हा आहे आणि त्याला एक महिन्यापर्यंतची साधी कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्या बाबतीत बॅग अडवली, तुम्हाला नाही, त्यामुळे पोलिसांकडे जाण्याची घाई मी करणार नाही. शिवाय तक्रार झाली की पहिला पकडला जाईल तो सिक्युरिटीवाला. पगार कापण्याची भीती त्याच्या मनात कुणी घातली ते उघड आहे. त्याच्या हातून न झालेल्या चुकीबद्दल किंवा त्याला बाजू मांडू न देता मालकाला त्याचाही पगार कापता येत नाही. तुमचं भांडण दुकानाशी आहे, त्यामुळे कागदावर फक्त दुकानाचं नाव असू द्या.

आता पुरावा. तुम्ही पत्राबरोबर दोन फोटो पाठवलेत, एक वाणसामानाच्या बिलाचा आणि एक यूपीआयच्या स्क्रीनचा. बिलावर वेळ छापली आहे ११.०५ आणि २४० रुपये गेले ११.३८ ला. हे तेहेतीस मिनिटांचं अंतर तुमचा सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे. पैसे देऊन झालेला माणूस अर्धा तास तिथे का उभा होता, याचं उत्तर दुकानालाच द्यावं लागेल. बिलाचा कागद थर्मल असतो, त्यावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून आजच झेरॉक्स काढा. बिलावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असतो, तो आणि दुकानाचं कागदोपत्री नाव उतरवून घ्या. पाटीवरचं नाव आणि परवान्यावरचं नाव अनेकदा वेगळं असतं, आणि नोटीस चुकीच्या नावाने गेली की परत येते. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, त्यामुळे ‘त्या दिवशीचं ११ ते ११.४५ चं अंड्यांच्या फळीजवळचं आणि टोकन काउंटरचं चित्रण जपून ठेवावं’ असा ईमेल आज रात्रीच पाठवा. नंतर त्यांनी ‘पुसलं गेलं’ म्हटलं, तर तुमचा ईमेल बोलेल.

मागच्या महिन्यातली चार अंडीही सोडू नका. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवस धरली जाते. तुम्ही दुसऱ्याच सकाळी गेला होतात. अडचण एवढीच येईल की अंडी दुकानातच टिचली होती, रिक्षात नाही, हे दाखवायचं कसं. त्या दिवशी तुम्ही फोटो काढलेला नाही असं दिसतं. पुढच्या वेळी काउंटर सोडण्याआधी खोका उघडून एक फोटो काढा.

पैशांचं होईल का, तर होईल, पण त्यासाठी आधी आयोगात धावू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. हेल्पलाइन दुकानाशी संपर्क साधते आणि एवढ्या रकमेचे वाद बऱ्याचदा तिथेच मिटतात. दोन्ही पाट्यांबद्दल वेगळा अर्ज करा. त्या पाट्या रोज येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला लागू आहेत आणि अनेक ग्राहकांच्या हिताला बाधा आणणाऱ्या अशा प्रथेबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. मुंबई उपनगरचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेलाच आहे. सोबतीला कुणी हवं असेल, तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या विलेपार्ल्याच्या कार्यालयात जा.

हेल्पलाइननेही काम झालं नाही, तर मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग. भांडुपला राहता, त्यामुळे तक्रार तिथेच करता येते. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील लागतोच असं नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. पण खरं सांगायचं, तर नुसत्या २१६ रुपयांसाठी मी तुम्हाला तारखांच्या मागे लावणार नाही. बॅग अडवल्याचा आणि तेहेतीस मिनिटांच्या मानहानीचा मुद्दा लावून धरायची तयारी असेल, तर मात्र नक्की जा. त्या बाबतीत तुमची बाजू मला मजबूत वाटते.

दुकानाला पहिलं पत्र तुम्हीच लिहा, स्पीड पोस्टाने. चार वाक्यं पुरे : अमुक तारखेला ११.०५ ला बिल भरलं, ११.३८ पर्यंत बॅग दिली नाही, २४० रुपये घेतले, पावती आणि माल दिला नाही. पंधरा दिवसांत रक्कम परत करावी आणि दोन्ही पाट्या काढाव्यात. पोचपावती आली की तिची प्रत मला पाठवा, पुढचा मसुदा मी करून देते.