फॉन्ट निवडताना आधी काय बघावं

प्रिय,

पोस्टरसाठी काढून ठेवलेल्या सहा फॉन्टपैकी सगळ्यात छान कोणता, असं तू विचारलंस. छान कोणता हे नंतर बघू. आधी कागदावर लिही : मजकूर किती आहे, किती आकारात छापायचा आहे, किती अंतरावरून आणि किती वेळ वाचला जाणार आहे. एवढं लिहिलंस की निम्मे फॉन्ट तूच बाजूला ठेवशील.

फॉन्टच्या वर्गांची नावं पाठ करण्यापेक्षा रेघ बघायला शीक. रोमन अक्षरांच्या टोकांना छोटे पाय असले की तो सेरिफ, हे खरं. पण सेरिफांतही घराणी आहेत. गॅरामाँड या फॉन्टमध्ये जाड-बारीक रेघांतला फरक सौम्य असतो आणि गोल 'ओ'चा अक्ष (त्याच्या सगळ्यात बारीक दोन जागा जोडणारी कल्पित रेघ) कललेला, कारण हे वळण रुंद टोकाच्या लेखणीतून आलं. अठराव्या शतकाच्या मध्यावर बास्करव्हिल या इंग्रज मुद्रकाने तो अक्ष जवळजवळ उभा केला आणि फरक वाढवला. शतक संपता संपता बोडोनी आणि दिदो या मुद्रकांनी बारीक रेघ पार केसाएवढी केली. म्हणून बोडोनीच्या नावाचा फॉन्ट मोठ्या मथळ्यात देखणा दिसतो. तोच ८ पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक आकारात, काळ्यावर पांढरा छापलास, तर शाई पसरून बारीक रेघा बुजतात आणि अक्षरं तुटकी दिसतात. दोष छापखान्याचा नसतो. रॉकवेलसारख्या स्लॅब सेरिफचे पाय जाड, चौकोनी. तो असा बुजत नाही, पण लांब मजकुरात जड होतो.

सॅन्स सेरिफला पाय नाहीत, म्हणून सगळे सारखे असं नाही. फ्युचुरा (१९२७) वर्तुळ आणि सरळ रेघेवर उभा आहे. हेल्वेटिकात (१९५७) 'सी', 'ई'ची तोंडं जवळपास मिटलेली, तर विमानतळावरच्या पाट्यांच्या कामातून आलेल्या फ्रुटिगरमध्ये (१९७६) ती उघडी आहेत. दुरून वाचायचं असेल तर उघडं तोंड घे. गिल सॅन्समध्ये कॅपिटल आय, छोटा एल आणि एकचा आकडा जवळजवळ सारखेच दिसतात. पासवर्ड किंवा अनुक्रमांक त्यात लावू नकोस.

देवनागरीला हे वर्ग जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथे बघायचं ते बोरूच्या वळणाचा जाड-बारीकपणा आहे की एकसारख्या जाडीची रेघ. 'टिरो देवनागरी मराठी' पहिल्या बाजूचा, 'मुक्ता' दुसऱ्या. 'बलू' मथळ्यापुरता, त्यात परिच्छेद लावला तर डोळे शिणतात. फॉन्ट तपासताना गुळगुळीत वाक्य टाकू नकोस. 'दुसऱ्या', 'वर्षांत', 'कीर्ती', 'राष्ट्र', 'हृदय', 'ॲप', 'बाळ' एवढे शब्द टाक. रफार वेलांटीला धडकतो का, रफारावरचा अनुस्वार सुटा दिसतो का, ते कळेल. ल आणि श मराठी वळणाचे आले नाहीत तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी नोंदवून बघ. काही फॉन्टमध्ये ती रूपं आत असतात, फक्त मागावी लागतात.

ओळींतलं अंतर रोमनच्या सवयीने ठेवू नकोस. रोमनला आकाराच्या १.३ ते १.४ पट पुरतं. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, म्हणून १.५ पासून सुरुवात कर. अक्षरांतलं अंतर मात्र शून्यच ठेव, नाहीतर शिरोरेषा तुटते. (मथळा 'मोकळा' दिसावा म्हणून हे सर्रास केलं जातं, आणि दरवेळी वाईट दिसतं.) ठळक हवं तर फॉन्टचं खरं ठळक रूप घे. सॉफ्टवेअरने फुगवलेल्या अक्षरांत ष, क्ष यांच्या पोकळ्या भरून जातात.

जोडी लावताना दोन जवळपास सारखे सॅन्स एकत्र आणू नकोस. मुद्दाम केलंय की चुकून झालंय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. बहुतेक वेळा एकाच फॉन्ट-कुटुंबातली दोन वजनं, म्हणजे साधं आणि ठळक रूप, पुरतात. मराठीत इंग्रजी शब्द मिसळत असतील तर मुक्ता किंवा पॉपिन्स घे. त्यांत दोन्ही लिप्या एकमेकींना धरून आखलेल्या आहेत.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली तर फॉन्ट बदलत बसू नकोस, आधी परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी त्यातली सोय) लाव. मग दोन नमुने खऱ्या मापात छापून भिंतीला लाव, पोस्टर जितक्या अंतरावरून बघितलं जाणार तितकं मागे जा, आणि तारीख-वेळ कोणत्या नमुन्यात आधी वाचता आली ते मला कळव.