सगळ्यात हिरवा सेल सोडून दे

कशी शे बेटा? व्हॉट्सअपवरचा तुझा फोटो बघितला, जीएफपी पॅक्सिलिनवाला (पॅक्सिलिन या प्रोटीनला हिरवं चमकणारं जीएफपी प्रोटीन जोडलेलं), सेल अख्खा पेटलेल्या बल्बसारखा हिरवागार आणि खाली तू लिहिलंय "सर जमलं!!" आता रागावू नको, पण ते जमलेलं नाहीये.

बघ, सेल काचेला जिथे पाय रोवतो तिथे पॅक्सिलिन गोळा होतं, म्हणजे कडेकडेने बारीक रेघा दिसायला हव्यात, त्याच आपल्या फोकल अॅडहेजन. तुझ्या सेलमधे सीएमव्ही प्रमोटरने, म्हणजे जीन जोरात चालवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याने, इतका माल काढलाय की जागा भरून उरलेलं सगळं सायटोप्लाझममधे पोहतंय आणि त्या झगमगाटात रेघाच बुडाल्या, वरून जास्तीचं प्रोटीन सेलचं वागणंही बदलून टाकतं ते वेगळंच. त्याच डिशमधे कोपऱ्यात मिणमिणते, एक्सपोजर वाढवल्याशिवाय दिसणार नाहीत असे सेल असतील, आपल्या कामाचे ते. डीएनए निम्मा कर, बाकीचा रिकाम्या प्लाझ्मिडने (जीन नसलेल्या डीएनएच्या गोल कडीने) भरून काढ म्हणजे डीएनए सेलमधे नेणाऱ्या रीएजंटचं गणित बिघडत नाही. 24 तासाला एकदा बघ, 48 ला एकदा.

आणि काच कशाने कोट केलीस ते लिहिलंच नाहीस! पॉलीलायसिन असेल तर सेल नुसत्या चार्जवर चिकटतो, इंटिग्रिनला, म्हणजे सेलच्या पकडणाऱ्या प्रोटीनला, काम नाही, मग रेघा येणार कुठून? फायब्रोनेक्टिन घे, इंटिग्रिन ते पकडतं.

टॅगचं, म्हणजे जोडलेल्या जीएफपीचं, पण डोक्यात ठेव. जीएफपी 27 केडीएचं (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप), पॅक्सिलिन 68च्या आसपास, म्हणजे चालत्या माणसाच्या पाठीवर कापसाचं गाठोडं दिलंय आपण. मी स्वतः एकदा ई-कॅडहेरिनच्या (सेलला सेल चिकटवणारं प्रोटीन) अगदी पुढच्या टोकाला टॅग लावून चार महिने घालवले, प्रोटीन मेम्ब्रेनवर जाईच ना. अरे, तिथे सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनला मेम्ब्रेनचा रस्ता दाखवणारा तुकडा, असतो, त्याच्यापुढेच गाठोडं बांधलं तर बिचारं रस्ता चुकणारच, आणि तो पेप्टाइड व त्यामागचा प्रो-तुकडा कापला गेल्यावर जे टोक उरतं तेच तर शेजारच्या सेलचा हात धरतं. कॅडहेरिनला टॅग शेपटीला, आतल्या बाजूला. म्हणून प्लाझ्मिड मागवताना टॅग कुठल्या टोकाला आहे ते आधी वाचायचं, रंग नंतर.

हां, मागवण्यावरून आठवलं. जळगावच्या मे महिन्यात पार्सल आलं, अगारमधला बॅक्टेरियाचा स्टॅब (प्लाझ्मिड अशा बॅक्टेरियात भरून येतो), दोन दिवस कुरियरच्या गोडाऊनमधे पडून राहिलेला. प्लेट लावली, एक कॉलनी नाही. आठवडाभर उन्हाला शिव्या दिल्या, मग कळलं की वेक्टर, म्हणजे मूळ प्लाझ्मिड, पीईजीएफपी-एन1, त्याला कॅनामायसिन हे अँटिबायोटिक लागतं आणि मी सवयीने अँपिसिलिनच्या प्लेटा घेतलेल्या. ऊन निर्दोष! तरी पार्सल आलं की त्याच दिवशी स्ट्रीक कर (प्लेटवर रेघ ओढून पसरव), एकच कॉलनी उचल, ग्लिसरॉल स्टॉक करून गोठवून ठेव.

मायक्रोस्कोपच्या खोलीतला एसी थेट स्टेजवर सोडू नको, फोकस सरकत राहतो. आधी तासभर खोली थंड होऊ दे, मग बस.

आणि ज्यांच्यात प्लाझ्मिड गेलाच नाही अशा सेलमधे व्हिन्क्युलिनची (त्याच रेघांवर बसणारं दुसरं प्रोटीन) अँटीबॉडी लावून बघ, तिथल्या रेघा आणि तुझ्या रेघा आकाराने जुळतात का. पुढचा फोटो पाठवशील तेव्हा नुसत्या जीएफपीवाल्या सेलचा पण शेजारी लाव, त्याच एक्सपोजरला काढलेला.