रिपुडिएशन लेटरवरची, म्हणजे क्लेम नाकारल्याच्या पत्रावरची, तारीख आधी बघा, बोट नंतर

कुलाब्याच्या एका वाचकाचा मेल आहे. तिघा मित्रांनी मिळून घेतलेली जुनी फायबरची शिडाची बोट, मुंबई हार्बरमध्ये मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधून, उभी असायची. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी गडगडाट झाला आणि डोलकाठीवर वीज पडली. वरची व्हीएचएफ रेडिओची अँटेना वितळली, आतलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स गेलं. यांनी ओळखीच्या माणसाकडून नवा व्हीएचएफ बसवून घेतला, जुनी अँटेना टाकून दिली, विमा कंपनीला काही कळवलं नाही. दोनेक महिन्यांनी बोटीत पाणी यायला लागलं म्हणून वर काढली तर तळाला बारीक बारीक भोकं. मग १४ लाखांचा क्लेम टाकला, नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला आणि कंपनीने लिहून दिलं की हे झीज आणि जुनेपणामुळे झालंय, क्लेम नामंजूर. आता विचारताय की वीज पॉलिसीत कव्हर होते हे कसं पटवायचं.

ते पटवायची गरजच नाही, पॉलिसीत लिहिलंय आणि कंपनीही ते नाकारत नाहीये. मला तुमच्या मेलमधली एकच ओळ खटकली, ती म्हणजे पत्र येऊन २१ महिने झाले आणि "आमचा त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे". हा मेल मला दर महिन्याला येतो, कधी जळालेल्या दुकानाचा, कधी चोरीला गेलेल्या गाडीचा, आणि सगळ्यांचा समज एकच, की मेल चालू आहेत तोवर मुदत थांबलेली आहे. थांबत नाही हो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं, आणि तुमच्या बाबतीत ते कारण म्हणजे क्लेम नाकारल्याचं पत्र. मध्ये कंपनीने जे "आमची भूमिका कायम आहे" असं कळवलं त्यापासून नव्याने मोजायचं असं तुमच्या मित्राने सांगितलंय, मी त्या भरवशावर एक दिवसही राहणार नाही. उशीर माफ करून घ्यायची सोय कायद्यात आहे, पण त्याला सबळ कारण लागतं आणि "आम्ही मेल करत होतो" हे सबळ कारण धरलं जाईलच असं कुणी सांगू शकत नाही. म्हणजे तुमच्या हातात ३ महिने आहेत, त्यातलाही मधला वेळ कागद गोळा करण्यात जाणार. कंपनीला आणखी एक मेल करू नका, ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा.

याच पत्राची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. क्लेम नाकारताना कंपनीने जे कारण लिहिलं त्यालाच तिला चिकटून राहावं लागतं, आयोगासमोर आल्यावर नवीन कारण काढता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये गलाडा पॉवरच्या केसमध्ये आणि २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या केसमध्ये नेमकं हेच सांगितलंय, पत्रात उशिराने कळवल्याचा मुद्दा नव्हता तर तो नंतर उचलता येणार नाही. तुमची सगळ्यात दुबळी बाजू तीच, दोन महिने कळवलं नाही आणि अँटेनासारखा पुरावा फेकून दिला, वीज पडलेल्या बोटीचं असं कुणी करतं का? पण कंपनीने फक्त झीज लिहिली असेल तर हे दोन महिने तिच्या उपयोगाचे नाहीत. असेल तर म्हणतोय, कारण तुम्ही मला पत्राचं पहिलंच पान पाठवलंत. खाली "पान २ पैकी १" छापलंय. दुसरं पान शोधा, आजच. त्यात उशिराचा उल्लेख निघाला तर केस मरत नाही, निव्वळ उशिरावर खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये असं २०१७ च्या ओमप्रकाश निकालात आहे, पण तो गाडीचोरीचा मामला होता आणि तिथे उशिराचं समाधानकारक कारण दिलेलं होतं. तुमच्याकडे काय कारण आहे ते मला अजून कळलेलं नाही.

झीज की वीज, हा वाद तज्ज्ञाचा आहे आणि तो बोटीच्या तळावरच सुटेल. वीज डोलकाठीवरून उतरते आणि पाण्यात जायला वाट शोधते, फायबर वीज वाहून नेत नाही, म्हणून ती धातूच्या आसपास, शीडदोऱ्यांच्या खालच्या पट्ट्या, कील म्हणजे तळाचा कणा, तळातून आरपार गेलेल्या व्हॉल्व्हच्या फिटिंग्ज, अशा ठिकाणांहून फायबर फोडून बाहेर पडते. तिथे भोकं एकत्र सापडतात आणि कडा काळ्या, जळालेल्या असतात. जुन्या फायबरला ऑस्मोसिसचे, म्हणजे आत पाणी मुरल्याने, फोड येतात ते तळभर विखुरलेले असतात आणि फोडले तर आंबट वासाचं पाणी निघतं. तुमच्या फोटोत भोकं कीलच्या कडेला आणि एका व्हॉल्व्हभोवती दिसतायत, मला ते आशादायक वाटतं, पण मी सर्व्हेअर नाही. स्वतःचा लायसन्स्ड मरीन सर्व्हेअर बोलवा, मापं, क्लोज-अप फोटो, लेखी रिपोर्ट घ्या. कंपनीच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट अंतिम शब्द नसतो, हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये प्रदीपकुमार केसमध्ये म्हटलंय, मात्र तो खोडायला तुमच्या बाजूने तसंच वजनदार काहीतरी लागतं. पुढच्या महिन्यात तळ घासून गेलकोटचा वरचा थर देऊन बोट पाण्यात उतरवायचीय म्हणता, ते काम कृपा करून थांबवा, नाहीतर उरलेला एकमेव पुरावा तुम्ही स्वतः बुजवाल.

त्या संध्याकाळी वादळ होतं याचा कागद हवामान खात्याच्या कुलाब्याच्या कार्यालयाकडे मागा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजा टिपणारं नेटवर्क आहे, त्यांनाही लिहा. नव्या व्हीएचएफचं बिल जपून ठेवा, त्यावरची तारीख वादळाला लागून आहे, अँटेना गेली तरी ते बिल बोलतं.

फोरम कुठला याची काळजी नको. आता हद्द क्लेमवर नाही, भरलेल्या प्रीमियमवर ठरते, त्यामुळे १४ लाख मागितले तरी तुमचं काम जिल्हा आयोगातच आणि प्रीमियम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल होतं. कायदा म्हणतो ३ महिन्यांत निकाल, मुंबईत तारखाच महिनोन्महिने पुढे जातात आणि कुठे सदस्याची जागा रिकामी असते, याचा मला मनापासून संताप आहे, पण त्यासाठीच तर दाखल करायला उशीर नको.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही टाळलीत. पॉलिसी खासगी वापराची आहे. सनसेट सेलिंगला कधी पैसे घेऊन माणसं नेलीत का, एकदा तरी? सागरी विमा कायदा १९६३ च्या कलम ३५ प्रमाणे वॉरंटी, म्हणजे पॉलिसीत दिलेली हमी, तंतोतंत पाळावी लागते, तिचा विजेशी संबंध असो वा नसो, मोडली त्या तारखेपासून कंपनी सुटू शकते. पत्रात हे कारण नसेल तर वर सांगितलेला मुद्दा इथेही कामी येऊ शकतो, पण मला आधी माहीत हवं, उलटतपासणीत कळायला नको. तिघांनी बसून खरं उत्तर लिहा आणि पत्राच्या दुसऱ्या पानासोबत पाठवा, मसुदा त्यानंतर करू.