वाचक विचारतात : फलकावरचा देव आणि पाहणाऱ्याची नजर

प्रश्न : पंचवटीत आमच्या घराजवळच्या चौकात एका बांधकाम व्यावसायिकाने दसऱ्याच्या सुमारास मोठा फलक लावला होता. राम, सीता आणि लक्ष्मण यांच्या वेशातील तीन नट नव्या इमारतीच्या दाराशी उभे, सीतेच्या हातात किल्ली आणि खाली ओळ : ‘वनवास संपला, आता हक्काचे घर’. माझे वडील ती वाचून मोकळेपणाने हसले. शेजारचे माळकरी काका खिन्न झाले आणि ‘असे करायला नको होते’ एवढेच म्हणाले. माझा मुलगा पुण्यात असतो. त्याला कोणीतरी त्या फलकाचे छायाचित्र मोबाइलवर पाठवले आणि त्याने संतापून मला फोन केला. तिघेही श्रद्धाळूच आहेत. मग एकाच चित्राचे तीन अर्थ कसे झाले, आणि त्यांतला बरोबर कोणता? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपल्या घरच्या आणि शेजारच्या तिघांनी एकच चित्र पाहिले, असे मला वाटत नाही. आपल्या वडिलांनी ओळ वाचली. भाड्याच्या खोल्या बदलत काढलेल्या वर्षांना आपण सगळेच वनवास म्हणतो, त्यात रामाचा उपमर्द होतो असे कोणाच्या मनातही येत नाही, आणि जाहिरात लिहिणाऱ्याने भरवसा ठेवला होता तो याच बोलण्यावर. काकांनी ओळ बहुधा नंतर वाचली असावी. त्यांना आधी राम दिसला. आपल्याकडे देवाचे चित्र समोर आले की हात आधी जोडले जातात आणि त्यात काय सांगितले आहे याचा विचार मागाहून येतो. १९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण लागत असे तेव्हा कित्येक घरांत आंघोळी उरकून, दूरचित्रवाणी संचाला हार घालून लोक समोर बसत, हे आपल्यालाही आठवत असेल. पडद्यावर नट आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही ते दर्शनच होते.

संज्ञापनाचे, म्हणजे संदेशांच्या देवाणघेवाणीचे, अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये असे मांडले की, संदेश देणारा एक अर्थ भरून पाठवतो, पण घेणारा तो जसाच्या तसा घेईलच असे नाही. तो मान्य करील, थोडा आपल्या अनुभवाप्रमाणे वळवून घेईल किंवा पूर्ण उलटा लावील. वडील आणि मुलगा या मांडणीत सहज बसतात. काका मात्र पूर्णपणे बसत नाहीत, कारण त्यांनी अर्थ लावण्याआधीच चित्राशी नाते जोडलेले होते. त्यांचा प्रश्न ‘हे काय म्हणते आहे’ असा नसून ‘याला इथे कोणी उभे केले आणि पुढे याचे काय होणार’ असा आहे.

देव बाजारात येणे आपल्याला नवे नाही. मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानात पाठवायच्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवतांची रंगीत लेबले चिकटवत. राजा रविवर्म्यांच्या १८९४ मध्ये सुरू झालेल्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. ग्राइप वॉटरच्या जाहिरातीत बाळकृष्ण होता. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी त्याच रविवर्म्यांच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यासाठी काम करत होते. त्या चित्रांतली बरीचशी पुढे चौकटीत बसवून देवघरात गेली. दुकानाचे नाव खाली तसेच राहिले आणि पूजेला त्याची अडचण झाली नाही. म्हणजे देवाचे चित्र आणि विक्री एकत्र आली की भावना दुखावतातच, हा समज आपल्याच घरांच्या भिंती खोटा ठरवतात.

दुखते ते चित्राच्या संगतीमुळे आणि त्याच्या शेवटामुळे. उदबत्तीच्या पुड्यावरचा गणपती चालतो, चपलेवरचा चालत नाही. देवांची चित्रे असलेली पायपुसणी विक्रीला ठेवल्याबद्दल २०१६ मध्ये अॅमेझॉनविरुद्ध ओरड झाली ती याच कारणाने. जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून लावलेल्या देवांच्या फरशांबद्दल मात्र फारशी तक्रार ऐकू येत नाही. जागा घाणेरडी असली तरी तिथे देवाला अधिकार दिलेला असतो, असे लोक धरून चालतात. (मला स्वतःला त्या फरशा पाहून फलकापेक्षा जास्त संकोच वाटतो, पण तो वेगळा विषय.) आता आपल्या चौकातल्या फलकाचा शेवट पाहू. फ्लेक्स उतरला की तो टाकून दिला जात नाही. निफाड-लासलगावच्या वाटेवर कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर, कांदाचाळीच्या उघड्या बाजूला जुने फ्लेक्स बांधलेले असतात. त्यांवर नेत्यांचे वाढदिवस असतात, शिकवण्यांचे गुणवंत असतात, आणि अधूनमधून चिखलाचे शिंतोडे उडालेला एखादा देवही असतो. माळकरी माणसाला हे आधीच दिसते.

त्यात ही जागा पंचवटी. हीच ओळ मुंबईत किंवा पुण्यात रामाच्या अयोध्येला परतण्याची आठवण देईल आणि दसरा-दिवाळीला शोभूनही दिसेल. पण पंचवटीचे सारे महत्त्व राम वनवासात येथे राहिले यामुळे आहे, आणि सीतेचे हरण झाले तेही येथूनच, असे आपण मानतो. सीतागुंफेपासून चालत जाण्याच्या अंतरावर सीतेच्या हाती किल्ली देऊन सुखाच्या घराची हमी देताना, ती ओळ लिहिणाऱ्याने एकदा येथे उभे राहून ती वाचली असती तर बरे झाले असते. आगामी सिंहस्थासाठी शहरभर फलक लागतील तेव्हा हा प्रश्न पुन्हा येणारच आहे.

आपल्या मुलाने फलक पाहिलाच नाही. त्याच्यापर्यंत छायाचित्र आणि त्यासोबतचा मजकूर पोहोचला, आणि मजकूर आधी वाचला जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्क या दागिन्यांच्या कंपनीने हिंदू सुनेचे डोहाळजेवण करणाऱ्या मुस्लिम सासरची जाहिरात प्रसारित केली, ती कित्येकांपर्यंत बहिष्काराच्या आवाहनाला चिकटूनच गेली. कंपनीने ती मागे घेतली तोवर तिच्याविषयीचे मत तिच्यापेक्षा जास्त फिरले होते. आणखी एक गोष्ट अशा वेळी घडते. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या समाजशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, एखाद्या संदेशाचा परिणाम आपल्यावर कमी आणि इतरांवर अधिक होतो असे माणसे धरून चालतात. ‘मला काही नाही हो, पण लोकांच्या भावना भडकतील’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकले असेल! फोनवर आपला मुलगा स्वतःच्या दुःखाविषयी बोलत होता की लोकांच्या संभाव्य संतापाविषयी, हे त्याला विचारून पाहावे. त्या छायाचित्राखाली काय लिहिले होते तेही.

बरोबर अर्थ कोणता, या प्रश्नाला माझे उत्तर असे की तिन्ही अर्थ खरे आहेत, पण जाहिरातदाराने आधी ओळखायला हवा होता तो काकांचा. मासिकातले पान उलटता येते. घरासमोरचा फलक रोज पाहावाच लागतो.

प्रश्न : नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत सर्व धर्मांचे लोक येतात आणि आदराने येतात. युरोपात मात्र येशू आणि त्याच्या शिष्यांच्या ‘शेवटचे भोजन’ या चित्राची नक्कल करून कपडे विकतात असे वाचले. तिथल्या ख्रिस्ती लोकांना याचे काहीच वाटत नाही का? — एक शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : पुष्कळ वाटते. फोक्सवॅगनने १९९८ मध्ये फ्रान्समध्ये गोल्फ मोटारीसाठी त्याच चित्राचा आधार घेतला, तेव्हा बिशपांनी न्यायालयाचा रस्ता धरला आणि कंपनीने फलक उतरवले. आपण वाचले ते बहुधा २००५ च्या मारिते-फ्रान्स्वा जिरबो या कपड्यांच्या कंपनीविषयी असावे. येशू आणि शिष्यांच्या जागी तिने तरुण स्त्रिया बसवल्या होत्या. पॅरिसच्या न्यायालयाने बंदी घातली, अपिलात ती कायम राहिली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. एखाद्या चित्राचे विडंबन म्हणजे श्रद्धावंतांचा थेट अपमान नव्हे, असा तो निकाल होता. उलट ब्रिटनमध्ये २०१० साली गरोदर जोगीण (नन) चर्चमध्ये आइस्क्रीम खाते आहे अशी जाहिरात निघाली, तेव्हा मोजक्या वाचकांच्या तक्रारीवरून तेथील जाहिरात मानक संस्थेने ती बंद केली.

सर्वांत विचार करण्याजोगे प्रकरण लिथुआनियाचे आहे. तेथील एका कपड्यांच्या कंपनीने प्रभावळ असलेल्या, जीन्स घातलेल्या तरुणाच्या चित्राखाली ‘येशू, काय ही विजार!’ अशा अर्थाची ओळ छापली. तिला दोन हजार लितास दंड झाला. २०१८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा दंड अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध ठरवला. असे उद्गार तेथील बोलण्यात सर्रास येतात, हे न्यायालयाने लक्षात घेतले. शिवाय देशातले बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत म्हणून त्या सर्वांना ही जाहिरात अपमानकारक वाटली असेल असे गृहीत धरता येणार नाही, असेही म्हटले. तक्रार करणारा प्रत्येक जण सगळ्या समाजाच्या वतीने बोलतो, ही आपल्याकडची सवय तेथे टिकली नाही.

बेनेटन या कपड्यांच्या कंपनीची गोष्ट निराळी. १९९१ मध्ये पाद्री आणि जोगीण यांचे चुंबन दाखवणाऱ्या या कंपनीला गदारोळ हवाच होता. पण १९९२ मध्ये तिने एड्सने मरणाऱ्या डेव्हिड कर्बी या तरुणाचे, वडिलांनी त्याला कवटाळलेले छायाचित्र वापरले. ते पाहून अनेकांना क्रूसावरून उतरवलेला येशू आणि त्याला मांडीवर घेतलेली मरिया आठवली. कुटुंबाची संमती होती, चित्रात कोणाची थट्टा नव्हती, उलट ते चटका लावणारे होते. तरीही त्याखाली स्वेटर विकणाऱ्याचे नाव का, हा सवाल टीकाकारांनी केलाच. धार्मिक छटा आदरपूर्वक आली तरी खाली कोणाचे नाव आहे, यावर पाहणाऱ्याची नजर अडते, ती अशी.

प्रश्न : माझा मसाल्याचा छोटा उद्योग आहे. कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर सप्तशृंगी मातेचे चित्र आणि नाव घ्यायचे आहे. कायद्याची काही अडचण येईल का? — एक उद्योजक, सिन्नर

उत्तर : फौजदारी कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ला, म्हणजे जुन्या २९५-अ ला, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात, एका हातात बूट देऊन दाखवणाऱ्या नियतकालिकाच्या २०१३ मधील मुखपृष्ठावरून झालेला खटलाही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये याच मुद्द्यावर रद्द केला. नावाचे मात्र पाहा. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ धार्मिक भावना दुखावू शकणाऱ्या चिन्हाची नोंदणी नाकारतो, आणि ‘रामायण’ हे उदबत्तीचे नाव कोणा एकाचे होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. आपण आज आईचे नाव घेतले तर उद्या शेजारचा उद्योजकही घेईल, आणि त्याला अडवणे आपल्याला जड जाईल.

खरी अडचण गिऱ्हाइकाकडून येईल. वणीच्या गडाला जाणारी माणसे नवरात्रात हे चित्र सर्वांत भक्तिभावाने पाहतात, आणि त्याच नऊ दिवसांत त्यांतल्या अनेक घरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. शिवाय मसाल्याचे पाकीट कात्रीने कापले जाते आणि तेलकट होऊन कचऱ्यात जाते. चित्र हवेच असेल तर ते दुकानात टांगायच्या दिनदर्शिकेवर घ्यावे. पाकिटावर गडाची रेषाकृती आणि आपले आडनाव पुरेसे आहे.