विश्वास बसतो, ठेवतात की टाकतात?

मिरजेच्या एका ताईंचा प्रश्न आहे : "मी समुपदेशनाला जाते. तिथं सांगतात, माणसांवर विश्वास टाकायला शिका. मला हे मराठी म्हणून खटकतं. विश्वास बसावा लागतो ना? तो टाकायचा कसा? आणि जी लवकर मोकळी होत नाही तिला सासरी 'आतल्या गाठीची' म्हणतात, हे बरोबर आहे का?"

ताई, बसणे, ठेवणे, टाकणे हे तिन्ही प्रयोग शुद्ध आहेत. पण तुम्हाला जे खटकलं त्याला व्याकरणाचा आधार आहे.

'माझा तिच्यावर विश्वास बसला' या वाक्यात कर्ता विश्वास आहे. मी काही केलेलं नाही, ते झालं. म्हणून त्याची आज्ञा देता येत नाही. 'विश्वास ठेव' म्हणता येतं. 'बस' म्हणता येत नाही, फार तर 'बसू दे' म्हणायचं. जम बसतो, भीड चेपते, सून घरात रुळते ही क्रियापदंही अशीच. ती आपल्या गतीनं होतात, आणि घाई केली तर बहुतेक वेळा बिघडतात. 'माझा विश्वास बसेना' म्हणणाऱ्या माणसाला आपण हट्टी समजतो, तो अन्याय आहे. तो नकार देत नसतो, आत अजून काय झालेलं नाही ते सांगत असतो.

ठेवणे वेगळं. तो निश्चय आहे, पुरावा हाती नसतानाही करता येणारा. शिवाय ठेवलेली वस्तू आपलीच राहते. बँकेतल्या पैशाला 'ठेव' म्हणतात ते त्यामुळेच. आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद ठेवायचे. तोंड बंद केलं तरी माल ज्याचा त्याचाच, भाव आला की काढायचा. धोका नसतो असं नाही. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं. तरीही ठेवण्यात परत घेण्याचा हक्क गृहीत असतो.

टाकणे या क्रियापदापाशी मात्र थांबायला हवं. 'सगळा भार थोरल्या सुनेवर टाकला' इथं टाकणे म्हणजे सोपवणे. 'नवऱ्यानं तिला टाकली' इथं तेच क्रियापद सोडून देण्याचं. दोन्हींत वस्तू हातातून सुटते, एवढं समान. 'विश्वास टाकला' मध्ये अर्थ सोपवण्याचाच आहे, पण पुढचा माणूस झेलेल की नाही ही भीती त्या शब्दाला चिकटलेली आहे. विसंबणे या जुन्या, सुंदर क्रियापदातही हेच दिसतं. 'तुझ्यावर विसंबून आहे' म्हणजे भरवसा. 'आई लेकराला क्षणभर विसंबत नाही' म्हणजे दृष्टीआड करत नाही. सोडल्याशिवाय भरवसा नाही, असं भाषेनं फार पूर्वी ओळखलेलं दिसतं. तेव्हा टाकणे ऐकून तुम्ही दचकलात यात नवल नाही.

आता हीच क्रियापदं 'सांगणे'ला जोडून बघा. 'सांगून ठेवते' म्हणजे आधीच बजावते. 'सांगून टाक' यात सुटका आहे : एकदाचं बाहेर काढ आणि हलकी हो. 'सांगून बसले' यात पस्तावा, नको तिथं बोलले म्हणून. (आपल्या भागात कितीतरी बायका 'सांगून बसलो' असंच म्हणतात. ते अशुद्ध नाही, ती इथली बोली आहे.) मन उघडताना माणसाला ज्याची आशा असते आणि ज्याची धास्ती असते, ते दोन्ही या सहायक क्रियापदांत आहे. 'विश्वास पानिपतात गेला' ही म्हण त्याच धास्तीतून वापरली जाते. १७६१ च्या लढाईत पडलेल्या विश्वासरावांच्या नावावरचा हा श्लेष, पण घरोघरी तो बोलला जातो दुखावलेल्या माणसाकडून.

मला विचाराल तर समुपदेशकांच्या वाक्यात मी चौथं क्रियापद घालीन : पाहणे. 'विश्वास ठेवून पाहा', 'थोडं सांगून पाहा'. पाहणे जोडलं की कृती प्रयोगापुरती होते. जमलं नाही तर थांबायची मुभा त्यात असते. आपल्याकडे 'बोलून तर बघ की' म्हणतात, त्यातला 'की' आर्जवाचा आहे. एखाद्या माणसाला आज लहानशी, गेली तरी चालेल अशी गोष्ट सांगून पाहायची. ती त्यानं जपली तर पुढची. ठेवणं आणि टाकणं आपल्या हातात आहे, बसणं मागाहून होतं. त्यामुळे तुमचं आणि समुपदेशकांचं म्हणणं एकमेकांविरुद्ध नाही.

राहिली 'आतल्या गाठीची'. हा शब्द तुमच्यासाठी चूक आहे. त्यात लपवाछपवीचा, मनात डाव ठेवल्याचा आरोप आहे; पोटात एक आणि ओठात एक असणाऱ्याला तो लावतात. जिला बोलायचं आहे पण धीर होत नाही ती भिडस्त किंवा बुजरी. मितभाषी म्हणू नका, कारण तो स्वभाव झाला आणि तुमची अडचण स्वभावाची नाही. सासरी सांगायचं तर 'माझी अजून भीड चेपलेली नाही' असं सांगा. त्यातल्या 'अजून' वर जोर द्या.