एका रेकॉर्डिंगमधून दीडशे फाइली : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांच्या उच्चारसरावासाठी सुमारे दीडशे शब्द एकाच बैठकीत ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करते. मग एकेक शब्द माउसने निवडून, नाव टाइप करून वेगळी फाइल काढते. यात दोन संध्याकाळी जातात आणि नंतर पंख्याची घरघर लक्षात आली, तर सगळे पुन्हा करावे लागते. यावर काही उपाय आहे का? (एक शिक्षिका, कराड)

उत्तर : आहे, आणि त्यासाठी नवे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. आपल्या पद्धतीत कोठे कापायचे, आवाज कसा सुधारायचा आणि फाइल कोणत्या स्वरूपात काढायची हे तीन निर्णय प्रत्येक शब्दापाशी एकत्र घेतले जातात. त्यामुळे त्यांतला एक बदलला की उरलेले दोनही वाया जातात. हे तिन्ही वेगळे करावेत. आवाजावरची प्रक्रिया अखंड रेकॉर्डिंगवर एकदाच करावी, शब्दांच्या सीमा लेबलांच्या, म्हणजे नाव दिलेल्या खुणांच्या, रूपात वेगळ्या पट्टीवर ठेवाव्यात आणि एक्स्पोर्ट, म्हणजे फाइली बाहेर काढणे, अगदी शेवटी एका आदेशात करावा.

सुरुवात घरघर काढण्यापासून करावी. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिले काही क्षण काही न बोलता बसावे. तो तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन'ला घरघरीचा नमुना द्यावा आणि मग सर्व रेकॉर्डिंग निवडून तोच परिणाम (इफेक्ट) लावावा. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. नॉइज रिडक्शन, जाड-बारीक स्वरांचा तोल बदलणारा इक्वलायझर किंवा मोठ्या-हलक्या आवाजांतले अंतर कमी करणारा कॉम्प्रेसर यांनी रेकॉर्डिंगची लांबी बदलत नाही, म्हणून ते लेबले लावल्यानंतर वापरले तरी बिघडत नाही. मात्र शांतता आखडून घेणारा 'ट्रंकेट सायलेन्स' किंवा गती बदलणारा कोणताही परिणाम लेबलांच्या आधीच उरकावा. नंतर एखादा भाग कापून टाकायचा झालाच, तर 'सिंक लॉक' चालू करून कापावा, म्हणजे पुढची लेबलेही आवाजाबरोबर मागे सरकतात. तो बंद असेल तर लेबले जागच्या जागी राहतात आणि कापलेल्या जागेनंतरचा प्रत्येक शब्द चुकीच्या ठिकाणी तुटतो.

लेबले हाताने लावायची असतील तर शब्द निवडून कंट्रोल आणि बी या कळा दाबाव्यात. दीडशे शब्दांसाठी मात्र 'ॲनलाइझ' मेनूतील 'लेबल साउंड्स' वापरणे सोयीचे. ठरावीक पातळीपेक्षा मोठा आवाज जेथे सुरू होतो आणि जेथे संपतो, तेथे ते आपोआप लेबल लावते. मराठी शब्दांसाठी त्याच्या आयत्या मूल्यांवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'हंस', 'शहाणा', 'सकाळ' यांचा आरंभ आणि 'ऊस', 'कापूस' यांचा शेवट इतक्या हलक्या आवाजात होतो, की सॉफ्टवेअर त्याला शांतताच समजते आणि मुलांना 'हंस'चा 'अंस' ऐकू येतो. यासाठी पातळी थोडी खाली आणावी आणि लेबलाच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता सोडण्याची जी सोय त्याच खिडकीत आहे, तिचा उपयोग करावा. उच्चारसरावाच्या फाइलीत सुरुवातीला दशांश सेकंद शांतता राहिली तर काही बिघडत नाही; व्यंजन हरवले तर फाइल निरुपयोगी ठरते.

यानंतर नावे द्यायची. दीडशे नावे लेबलांत एकेक टाइप करण्याऐवजी लेबलांची पट्टी मजकूर फाइल म्हणून एक्स्पोर्ट करावी. त्या फाइलीत प्रत्येक ओळीवर टॅबने विभागलेले तीन रकाने असतात : सुरुवात, शेवट आणि नाव, पैकी पहिले दोन सेकंदांत. ही फाइल लिब्रऑफिस कॅल्कमध्ये किंवा तशाच दुसऱ्या तक्त्यात उघडून तिसऱ्या रकान्यात आपली शब्दयादी जशीच्या तशी चिकटवावी, टॅबने विभागलेला मजकूर म्हणून यूटीएफ-8 या, देवनागरी अक्षरे नीट टिकवणाऱ्या, संकेतप्रणालीत जतन करावी, जुनी लेबल-पट्टी काढून टाकावी आणि ही फाइल परत आत आणावी. चिकटवण्यापूर्वी लेबलांची संख्या आणि शब्दांची संख्या अवश्य ताडून पाहावी. मध्येच आलेली खोकल्याची एक उबळही स्वतःचे लेबल मिळवते आणि तेथून पुढे प्रत्येक शब्दाला शेजारच्याचे नाव लागते.

आता एक्स्पोर्ट. ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांत यासाठी 'एक्स्पोर्ट मल्टिपल' हा स्वतंत्र आदेश आहे, 3.4 आवृत्तीपासून एक्स्पोर्टच्याच खिडकीत 'मल्टिपल फाइल्स' हा पर्याय मिळतो. तेथे लेबलांनुसार विभागणी आणि लेबलांवरून नावे असे निवडावे. लेबल विस्ताराचे असेल, म्हणजे त्याला आरंभ आणि शेवट दोन्ही असतील, तर तेवढाच भाग फाइलीत जातो. ते नुसते बिंदूचे असेल, तर फाइल पुढच्या लेबलापर्यंत लांबते आणि मधली शांतता, कुजबुज, पानांची सळसळ सगळे तिच्यात येते. जुन्या आवृत्तीत प्रत्येक फाइलीपूर्वी गायक, अल्बम वगैरे विचारणारी खिडकी उघडते; ती प्रेफरन्सेसमधून बंद करून ठेवावी, नाहीतर दीडशे वेळा 'ओके' म्हणावे लागेल. जुन्या फाइलींवर नव्या लिहिण्याचा पर्यायही जाणूनबुजून निवडावा, कारण तो निवडला नाही तर दुसऱ्या फेरीत जुन्या फाइली तशाच राहतात आणि नव्यांच्या नावापुढे आकडा लागतो.

पुढच्या वेळी घरघर राहिल्याचे उशिरा कळले, तर प्रकल्प उघडून आवाज सुधारायचा आणि पुन्हा एक्स्पोर्ट करायचे, एवढेच काम उरेल. म्हणून प्रकल्पाची फाइल आणि लेबलांची मजकूर फाइल या दोन्ही जपून ठेवाव्यात. काढलेल्या दीडशे फाइली हरवल्या तरी त्या यांतून केव्हाही पुन्हा मिळतात.

प्रश्न : आम्ही कथांचे अभिवाचन भागशः ध्वनिमुद्रित करतो. प्रत्येक भागाला 'नॉर्मलाइझ' करूनही एक भाग मोठा तर दुसरा बारीक ऐकू येतो. असे का होते? (अभिवाचन गटातील एक सदस्य, नागपूर)

उत्तर : 'नॉर्मलाइझ' फक्त सर्वांत उंच शिखर पाहते. एका भागात कोणाचा हात टेबलावर आपटला असेल, तर ते शिखर ठरलेल्या मर्यादेला लागते आणि बाकीचे वाचन खालीच राहते. कानाला जाणवणारी पातळी मोजण्यासाठी एलयूएफएस हे एकक आहे आणि ऑडॅसिटीत त्यासाठी 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' हा वेगळा परिणाम आहे. युरोपातील प्रसारणासाठीच्या ईबीयू आर 128 या शिफारशीत उणे 23 एलयूएफएस ही पातळी आहे. पॉडकास्टसाठी ॲपलची शिफारस उणे 16 च्या आसपासची, एका एककाच्या फरकाची मुभा ठेवून, आणि शिखर उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ न देण्याची आहे. घरी किंवा प्रवासात ऐकल्या जाणाऱ्या अभिवाचनासाठी मी यांतली दुसरी, म्हणजे उणे 16 ची पातळी सुचवीन. पातळी वाढवल्यावर एखादे शिखर मर्यादेबाहेर जाते, म्हणून शिखरांना मर्यादेत रोखणारा लिमिटर नेहमी त्यानंतर लावावा.

वाचनातल्या विरामांमुळे हे मोजमाप बिघडेल, अशी शंका अनेकांना असते. या मापनपद्धतीत सरासरीपेक्षा 10 एककांहून अधिक खाली असलेले भाग वगळले जातात, त्यामुळे विराम कितीही लांब असले तरी चालते. अडचण उलट बाजूने, फार छोट्या क्लिपांत येते. मोजमाप 400 मिलिसेकंदांच्या तुकड्यांवर होते आणि 'हो' किंवा 'ऊस' एवढा शब्द त्याहूनही लहान असू शकतो. म्हणून वरच्या प्रश्नातील शिक्षिकांनी ही प्रक्रिया कापलेल्या शब्दांवर न करता अखंड रेकॉर्डिंगवरच करावी. तसे केल्याने हळू म्हटलेला शब्द हळूच राहतो, ओढूनताणून मोठा होत नाही.

आपले भाग आधीच वेगवेगळ्या फाइलींत आहेत, तेव्हा 'टूल्स' मेनूतील 'मॅक्रो मॅनेजर'मध्ये लाउडनेस, लिमिटर आणि एक्स्पोर्ट अशी तीन पावले एकदा जुळवावीत आणि तो मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारी आदेशांची साखळी, सर्व फाइलींना लावावा. मूळ फाइलींना हात न लागता नव्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये तयार होतात.

प्रश्न : तबल्याच्या रियाजासाठी तीनतालाचा लेहरा (साथीला फिरत राहणारी धून) एका आवर्तनापुरता कापून एमपी3 केला. फिरवत ठेवला की प्रत्येक समेपूर्वी बारीक धक्का बसतो. मी तर अगदी नेमके कापले होते. (एक विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : आपले कापणे बरोबर असावे, दोष एमपी3चा आहे. हे स्वरूप आवाज 1152 सॅम्पलांच्या (आवाजाच्या क्षणोक्षणीच्या नोंदींच्या) चौकटींत साठवते. सेकंदाला 44,100 सॅम्पलांच्या दराने अशी एक चौकट सुमारे 26 मिलिसेकंदांची होते. आवर्तन चौकटींच्या पूर्ण संख्येत क्वचितच बसते, म्हणून एन्कोडर, म्हणजे एमपी3 बनवणारा प्रोग्राम, शेवटी शांतता भरतो आणि सुरुवातीलाही स्वतःचा थोडा विलंब जोडतो. काही प्लेअर फाइलीतील नोंद वाचून ही भर वगळतात, पण सगळे नाही. समेवर येताना एवढाही खंड तबलजीच्या कानाला खुपणारच.

लेहरा वॅव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात काढावा. लांबी सेकंदांत न पाहता सॅम्पलांत पाहावी : लेहरा मेट्रोनोमवर मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत वाजवला असेल, तर 16 मात्रांचे आवर्तन नेमके 7,05,600 सॅम्पलांचे होते. निवड केल्यावर झेड ही कळ दाबली की दोन्ही टोके जवळच्या शून्यबिंदूवर, म्हणजे ध्वनिलहर शून्याला छेदते तेथे, सरकतात आणि जोडावरची टिचकी जाते. मात्र लांबी त्यामुळे काही सॅम्पलांनी बदलू शकते, तेव्हा ती पुन्हा एकदा पाहावी.

प्रश्न : काढलेल्या फाइली 1, 10, 11, 2 अशा क्रमाने का लागतात? नावे मराठीत ठेवावीत का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अनेक उपकरणे नाव अक्षरशः वाचतात, म्हणून क्रमांक 001 पासून द्यावेत. संगणकावर आणि फोनवर देवनागरी नावे सहसा चालतात. गाडीतील जुने प्लेअर आणि काही झिप प्रोग्राम मात्र त्यांची चौकोनी खोकी करून टाकतात, त्यामुळे फाइली बाहेर पाठवायच्या असतील तर रोमन नावे बरी. प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम आणि तिरकी रेघ विंडोजला नावात चालत नाहीत. लेबलांत ही चिन्हे ठेवू नयेत.

प्रश्न : लांब मुलाखतींतून निवडक उतारे काढतो. एक्स्पोर्टनंतर संपादक पुन्हा बदल सुचवतात. ऑडॅसिटी सोडून रीपर हे दुसरे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर घ्यावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : असे बदल वारंवार होत असतील, तर घ्यावे. रीपरमध्ये परिणाम ट्रॅकवर लावलेले राहतात आणि मूळ रेकॉर्डिंग बदलत नाही. ऑडॅसिटीतही 3.2 आवृत्तीपासून असे परिणाम आले आहेत, परंतु रीपरची रेंडर, म्हणजे फाइली बाहेर काढण्याची, खिडकी या कामात फार पुढे आहे. उतारा निवडून शिफ्ट आणि आर दाबले की रीजन, म्हणजे आरंभ, शेवट आणि नाव असलेला भाग, तयार होते. रेंडर करताना सर्व रीजने निवडून फाइलीच्या नावाच्या जागी डॉलर चिन्ह आणि लगेच रोमन लिपीत 'रीजन' असे लिहिले, की प्रत्येक उतारा स्वतःच्या नावाने बाहेर पडतो. लाउडनेसची पातळी त्याच खिडकीत ठरवता येते आणि सगळी मांडणी प्रीसेट म्हणून जतन होते, त्यामुळे संपादकांनी एका उताऱ्याचा शेवट पुढे ढकलला तर तेवढेच रीजन ओढून पुन्हा रेंडर करायचे. परिणामांत गुंज देणारा रिव्हर्ब असेल तर 'टेल'चा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर शेवटच्या शब्दाची गुंज मध्येच तुटते.

रीपर 60 दिवस वापरून पाहता येते. व्यक्तिगत वापरासाठीचा सवलतीचा परवाना 60 डॉलरांचा आहे. महिन्याकाठी एखादी मुलाखत असेल, तर मात्र ऑडॅसिटीची लेबले पुरेशी आहेत.